९९ गुण कमावले, तरी कप शेजाऱ्याकडे!

माहीत आहे का? फुटबॉलच्या लीगमध्ये ३८ सामने खेळायचे, त्यांतले ३१ जिंकायचे, ६ बरोबरीत सोडवायचे, अख्ख्या मोसमात फक्त एकदा हरायचं, आणि तरीही दुसरं यायचं! हे गणिताच्या पेपरातलं काल्पनिक उदाहरण नाही. तुर्कस्तानच्या सुपर लीगमध्ये २०२३-२४च्या मोसमात हे खरोखर घडलं. बिचाऱ्या क्लबचं नाव फेनेरबाहचे. गुण ९९. कप मात्र गलातासरायच्या कपाटात, कारण त्यांचे गुण १०२!

थांबा, या ९९ची खरी किंमत आधी कळू द्या. २०१९-२०मध्ये लिव्हरपूलने इंग्लिश प्रीमियर लीग जिंकली, ती बरोब्बर ९९ गुणांवर. सामने तितकेच, ३८. म्हणजे जो स्कोअर इंग्लंडमध्ये चॅम्पियन करतो, तो इस्तंबूलमध्ये उपविजेता करतो.

आणि १०२? मँचेस्टर सिटीचा २०१७-१८चा गाजलेला शंभरचा विक्रमही त्याच्या दोन पायऱ्या खाली राहतो. इटलीत युव्हेंटसने २०१३-१४मध्ये १०२च गुण मिळवले होते. त्या पंक्तीत आता गलातासरायचं पान वाढलेलं आहे.

अजून एक मज्जा बघा. फेनेरबाहचेने मोसमात गोलही ९९च केले! गुण ९९, गोल ९९. नव्व्याण्णवच्या फेऱ्यात अडकणं म्हणतात ते हेच!

तिसऱ्या क्रमांकावर त्राब्झोनस्पोर, ६७ गुणांवर. दुसऱ्या आणि तिसऱ्या संघात तब्बल ३२ गुणांची दरी. पहिल्या आणि दुसऱ्यात फक्त ३. वरचे दोघे एका शर्यतीत, बाकीचे अठरा दुसऱ्याच.

विजेता दोनदा हरला, उपविजेता एकदाच!

हो, नीट वाचलंत. गलातासराय मोसमात दोन सामने हरला, फेनेरबाहचे एकच. मग माशी शिंकली कुठे? बरोबरीत! फेनेरबाहचेने सहा सामने बरोबरीत सोडले, गलातासरायने तीन. बरोबरी म्हटलं की आपल्याला वाटतं, चला, निदान हरलो तरी नाही. पण प्रत्येक बरोबरी खिशातून दोन गुण काढून नेते. फेनेरबाहचेचे १२ गुण नुसत्या बरोबऱ्यांत गेले. गलातासरायने बरोबऱ्या आणि पराभव मिळून सगळे गुण गमावले किती? तेवढेच, १२!

फेनेरबाहचेचा तो एकुलता एक पराभव कुठे झाला असेल, ओळखा. स्वतःच्या घरी, कादिकॉयच्या मैदानावर, नोव्हेंबर २०२३मध्ये. त्राब्झोनस्पोरने ३-२ असा दणका दिला.

आता खरी चक्रावणारी गोष्ट. चॅम्पियन गलातासरायने लीगमध्ये फेनेरबाहचेविरुद्ध किती गोल केले? शून्य! २४ डिसेंबर २०२३ला पहिली गाठ ०-० सुटली. १९ मे २०२४ला दुसरी, आणि ती गलातासराय आपल्याच घरच्या मैदानावर ०-१ने हरला. मोसमभर ९२ गोल ठोकणारा संघ पक्क्या वैऱ्यासमोर १८० मिनिटं उपाशी!

त्या १९ मेचा सामना तर सिनेमात शोभावा असा. गलातासरायला विजेतेपदासाठी फक्त एका बरोबरीची गरज होती. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, जल्लोषाची तयारी जय्यत. २१व्या मिनिटाला फेनेरबाहचेचा बचावपटू अलेक्झांडर जिकू लाल कार्ड घेऊन बाहेर. म्हणजे पाहुणे दहाच! आणि या दहांनी बाजी मारली. दुसऱ्या हाफमध्ये चालार सोयुंजूने गोल केला, उरलेल्यांनी किल्ला लढवला आणि गलातासरायचे फटाके आठवडाभर पेटीतच राहिले. माझ्या मते या मोसमातला सर्वांत थरारक सामना हाच. कप दुसऱ्याला मिळाला म्हणून या दहा जणांची झुंज विसरून चालणार नाही.

आणि तारीख बघा! १९ मे १९१९ला मुस्तफा कमाल अतातुर्क सामसुन बंदरात उतरले आणि तुर्की स्वातंत्र्ययुद्धाची सुरुवात झाली. तिथे तो दिवस राष्ट्रीय सुट्टीचा. त्याच दिवशी देशातली सर्वांत मोठी डर्बी!

अवे मॅच म्हणजे दुसरा खंड

माहीत आहे का? हे दोन्ही क्लब एकाच शहरातले असले तरी एकाच खंडातले नाहीत. गलातासराय इस्तंबूलच्या युरोपीय बाजूला, फेनेरबाहचे आशियाई बाजूला. मध्ये बॉस्फरसची सामुद्रधुनी. डर्बीला जायचं तर चाहत्यांनी बोटीने, पुलावरून किंवा समुद्राखालून धावणाऱ्या मारमाराय रेल्वेने खंड ओलांडायचा. पासपोर्ट लागत नाही, हिंमत मात्र लागते.

या मोसमात २० संघांपैकी इस्तंबूलचे किती होते, सांगा पाहू. आठ! गलातासराय, फेनेरबाहचे, बेशिक्ताश, बाशाकशेहिर, कासिमपाशा, फातिह कारागुम्रुक, इस्तंबूलस्पोर आणि पेंदिकस्पोर. पेंदिकस्पोरची तर सर्वोच्च लीगमधली ही पहिलीच एंट्री. एका शहरात इतके संघ म्हणजे दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे ट्रॅफिक जाम पक्का.

पण शहर मोठं म्हणून नशीबही मोठं असं नाही. मोसमाच्या शेवटी चार संघ खालच्या लीगमध्ये ढकलले गेले, त्यांतले तीन इस्तंबूलचे: कारागुम्रुक, पेंदिकस्पोर, इस्तंबूलस्पोर. चौथा राजधानीचा अंकारागुजू.

जाता जाता कासिमपाशाच्या स्टेडियमचं नाव सांगते. रेजेप तय्यिप एर्दोगान स्टेडियम. हो, तेच राष्ट्राध्यक्ष! ते याच कासिमपाशा भागात वाढले आणि तरुणपणी फुटबॉलही खेळले.

पंचालाच पंच!

आता गंभीर व्हायची वेळ. ११ डिसेंबर २०२३. अंकारागुजू विरुद्ध रिझेस्पोर. घरचा संघ १-०ने पुढे, इंज्युरी टाइम जवळजवळ संपलेला, आणि ९७व्या मिनिटाला रिझेस्पोरने बरोबरी साधली. शिट्टी वाजली. आणि अंकारागुजूचे अध्यक्ष फारुक कोजा स्वतः मैदानात घुसले आणि त्यांनी पंच हालिल उमुत मेलेर यांच्या तोंडावर ठोसा मारला! मेलेर कोसळले, आणि जमिनीवर पडलेल्या माणसाला इतरांनी लाथाही घातल्या. डोळा सुजलेल्या मेलेर यांचे फोटो जगभर गेले.

खेळाडू चिडतात, प्रेक्षक चिडतात, हे समजू शकतं. पण क्लबचा अध्यक्षच हात उचलतो तेव्हा त्या क्लबच्या जर्सीला डाग लागतो. तुर्की फेडरेशनने तातडीने सगळ्या लीग थांबवल्या. कोजांवर आजन्म बंदी, क्लबला २० लाख लिरांचा दंड आणि पाच घरचे सामने रिकाम्या स्टेडियमात. आणि मोसमाच्या शेवटी? अंकारागुजू थेट खालच्या लीगमध्ये.

मेलेर यांचं पुढे काय झालं, हे जास्त महत्त्वाचं. ते पुन्हा मैदानावर उभे राहिले, आणि २०२४च्या उन्हाळ्यात जर्मनीत झालेल्या युरो स्पर्धेत त्यांनी शिट्टी वाजवली. सलाम!

अंकारागुजूचा जन्म १९१०चा, दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी घातलेल्या पायावर. शतकाहून जुना, कष्टकऱ्यांचा क्लब. त्याच्या वाट्याला ही बदनामी यावी याचं वाईट वाटतं.

लीग पुन्हा सुरू झाली १९ डिसेंबरला. आता तरी सगळं शांत? छे! त्याच दिवशी इस्तंबूलस्पोर विरुद्ध त्राब्झोनस्पोर. त्राब्झोन २-१ने पुढे गेलं, पेनल्टी नाकारल्याच्या रागात इस्तंबूलस्पोरचे अध्यक्ष मैदानात उतरले आणि स्वतःच्या खेळाडूंना म्हणाले, चला घरी! संघ निघून गेला. सामना ३-०ने त्राब्झोनला बहाल, वर इस्तंबूलस्पोरचे तीन गुण कापले. तळाला असलेल्या संघाने हातचे तीन गुण घालवायचे, यात शहाणपण कुठलं?

मॅच आहे, टीम आहे, कप आहे, पण खेळ नाही!

डिसेंबर अजून संपलेला नाही हं! २९ तारखेला सुपर कपची फायनल. गलातासराय विरुद्ध फेनेरबाहचे. कुठे? सौदी अरेबियातल्या रियाधमध्ये! दोन्ही संघ विमानाने पोहोचले, चाहते स्टेडियमात बसले, आणि मॅच झालीच नाही.

कारण? २०२३ हे तुर्की प्रजासत्ताकाचं शताब्दी वर्ष. खेळाडूंना अतातुर्क यांची छबी असलेले टी-शर्ट घालून वॉर्म-अप करायचा होता, त्यांच्या प्रसिद्ध वचनाचा फलकही घेऊन उतरायचं होतं. त्यावरून आयोजकांशी वाद पेटला. आणि एरवी एकमेकांचं तोंडही न बघणारे हे दोन क्लब त्या रात्री चक्क एका बाजूला उभे राहिले. खेळणार नाही म्हणाले, आणि दोघंही सामान बांधून इस्तंबूलला परतले. मोसमभर भांडलेल्या या दोघांचं एकमत झालेला हाच तो दुर्मीळ क्षण.

मग राहिलेली फायनल घ्यायची कुठे? ठरलं, शान्लिउर्फा. सीरियाच्या सीमेजवळचं हे शहर. त्याच्या जवळच गोबेक्लीतेपे आहे, जगातल्या सर्वांत जुन्या स्मारकवजा बांधकामांपैकी एक, सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वीचं. इतक्या जुन्या मातीत ७ एप्रिल २०२४ला जे घडलं, ते फुटबॉलच्या इतिहासात क्वचितच घडलं असेल.

फेडरेशनच्या निषेधार्थ फेनेरबाहचेने मुख्य संघ पाठवलाच नाही. मैदानात उतरली १९ वर्षांखालील पोरं! शिट्टी वाजली. पहिलं मिनिट पूर्ण व्हायच्या आत माउरो इकार्डीने गोल केला. आणि फेनेरबाहचेची पोरं ठरल्याप्रमाणे मैदान सोडून निघून गेली. फायनल संपली! तुमचा चहा उकळेपर्यंतसुद्धा चालली नाही.

पुढचा भाग मला फार आवडतो. स्टेडियम तर भरलेलं. उर्फाच्या लोकांना असा सामना वर्षानुवर्षं बघायला मिळत नाही. मग गलातासरायने काय केलं असेल? आपल्याच खेळाडूंचे दोन संघ पाडले आणि आपसातच मॅच खेळून दाखवली! तिकीट काढून आलेल्या माणसाचा मान ठेवणं याला म्हणतात.

लीग सोडू का? मतदान घेऊ या!

फेनेरबाहचे एवढं चिडलं कशाने, हा प्रश्न पडला ना? चला, तीन आठवडे मागे. १७ मार्च, त्राब्झोन. फेनेरबाहचेने त्यांच्या घरात ३-२ने सामना जिंकला, ब्राझीलच्या फ्रेडचे दोन आणि ८७व्या मिनिटाला बेल्जियमच्या मिची बात्शुआयीचा निर्णायक गोल. शेवटची शिट्टी झाली, खेळाडू मधोमध आनंद साजरा करू लागले आणि प्रेक्षकांचा लोंढा मैदानात! धक्काबुक्की, मारामारी. बात्शुआयीने एका हल्लेखोराला कराटेपटासारखी गिरकी घेऊन लाथ मारली, तो व्हिडिओ जगभर फिरला. व्हायरल होणं वेगळं आणि सुरक्षित असणं वेगळं. त्या रात्री खेळाडू सुरक्षित नव्हते, हेच खरं.

मग फेनेरबाहचेने जे केलं, ते ऐकून थक्क व्हाल. क्लबने २ एप्रिलला सभासदांची खास सभा बोलावली. विषय काय? लीगमधून बाहेर पडायचं का! विजेतेपदाच्या शर्यतीत दुसऱ्या नंबरवर असलेला संघ, आणि चर्चा लीगच सोडायची. अखेर निर्णय पुढे ढकलला गेला आणि सगळ्यांनी निःश्वास सोडला.

पंचांवरचा अविश्वास मात्र इतका मुरला की पुढच्या मोसमात, फेब्रुवारी २०२५मध्ये, गलातासराय-फेनेरबाहचे डर्बीसाठी स्लोव्हेनियाहून स्लाव्को विन्चिच यांना शिट्टी वाजवायला बोलवावं लागलं.

पुरे भांडणं! आता जरा चव बदलू.

जादूची कांडी, चहाची पानं आणि रेल्वेचे फुटबॉलपटू

माहीत आहे का? तेव्हा गलातासरायकडून खेळणारा केरेम आक्तुर्कोलू गोल केला की हवेत जादूची कांडी फिरवायचा! लहानपणी चष्म्यामुळे त्याला हॅरी पॉटर म्हणायचे. त्याने चिडवण्याचंच सेलिब्रेशन करून टाकलं. जबरदस्त!

मोसमाचा गोलसम्राट मात्र अर्जेंटिनाचा माउरो इकार्डी, २५ गोल. त्याचं नाव निघालं की स्टेडियमात 'आश्किन ओलायिम' हे गाणं घुमतं. हे काही क्लबचं अधिकृत गीत नाही, सिम्गे या गायिकेचं पॉप गाणं! पब्लिकने ते उचललं आणि एका स्ट्रायकरला अर्पण केलं.

त्याच्या मागे फेनेरबाहचेचा एदिन जेको, २१ गोल. वय? मोसम संपताना ३८! जर्मनीत वोल्फ्सबर्गला आणि इंग्लंडमध्ये मँचेस्टर सिटीला चॅम्पियन करून आलेला हा बोस्नियाचा उंचपुरा गडी या वयातही बचावफळ्यांची झोप उडवत होता. चाळिशी म्हणजे म्हातारपण असं कुणी म्हटलं की हा स्कोअरकार्ड दाखवा.

चहाबाज वाचकांनो, तुमच्यासाठी खास! रिझेस्पोरचं पूर्ण नाव चायकुर रिझेस्पोर. चायकुर ही तुर्कस्तानची सरकारी चहा कंपनी आणि रिझे हा काळ्या समुद्राकाठचा चहामळ्यांचा प्रदेश. क्लबच्या बोधचिन्हात चक्क चहाचं पान आहे. दरडोई चहा रिचवण्यात तुर्क जगात आघाडीवर, तेव्हा हे पान शोभतंच.

आदाना देमिरस्पोर हा रेल्वे कामगारांनी १९४०मध्ये काढलेला क्लब. कबाबसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाने २०२३-२४मध्ये काय मेन्यू मांडला बघा: प्रशिक्षक हॉलंडचा पॅट्रिक क्लायव्हर्ट, विंगवर पोर्तुगालचा नानी, आणि पुढे इटलीचा मारिओ बालोटेली! तीन देशांचे तीन स्टार एका कामगार क्लबात. क्लायव्हर्ट डिसेंबरमध्येच गेला, पण ते काही महिने आदानाच्या लोकांनी काय एन्जॉय केले असतील!

पाच बॉस, एक कप

बेशिक्ताशची गंमत ऐका. एका मोसमात संघाचं सुकाणू किती हातांत गेलं असेल? शेनोल ग्युनेश, मग बुराक यिल्माझ, मग रिझा चालिम्बाय, मग पोर्तुगालला युरो २०१६ जिंकून देणारे फर्नांडो सांतोस, आणि अखेर सेर्दार तोप्राक्तेपे. पाच! लीगमध्ये संघ सहाव्या नंबरवर. पण तोप्राक्तेपेंच्या हाताखाली संघाने २३ मेला तुर्की कपची फायनल मारली, त्राब्झोनस्पोरला ३-२ने हरवून. जगप्रसिद्ध नाव असलेल्या माणसाला जमलं नाही ते घरच्या माणसाने करून दाखवलं.

युरोपातही या मोसमाने तुर्कांना रडवलं आणि हसवलं. ३ ऑक्टोबर २०२३ला गलातासरायने ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ३-२ने धूळ चारली. इंग्लंडच्या भूमीवरचा त्यांचा हा पहिलावहिला विजय! गलातासरायचा पहिला गोल विल्फ्रेड झाहाचा, जो कधीकाळी युनायटेडचाच खेळाडू होता. इकार्डीने पेनल्टी घालवली, आणि काही मिनिटांत त्यानेच विजयी गोल केला. खलनायक ते नायक, एका दमात.

फेनेरबाहचे कॉन्फरन्स लीगमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलं आणि ग्रीसच्या ऑलिम्पियाकोसकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरलं. ऑलिम्पियाकोसने पुढे काय केलं, माहीत आहे का? तो कप जिंकला!

काळा रंग कुठून आला?

सामसुनस्पोर ११ वर्षांनी सर्वोच्च लीगमध्ये परतला, तो याच मोसमात. त्याच्या लाल-पांढऱ्या रंगांत एक काळा रंगही आहे. २० जानेवारी १९८९ला संघाची बस मालात्याच्या सामन्याला निघाली होती, वाटेत भीषण अपघात झाला. प्रशिक्षक नुरी आसान आणि काही खेळाडू दगावले, अनेकांना पुन्हा कधी खेळता आलं नाही. तेव्हापासून तो काळा रंग जर्सीवर आहे. संघ उरलेले सामने खेळू शकला नाही, तरी त्याला खालच्या लीगमध्ये ढकललं नाही.

असाच आधार हातायस्पोरलाही मिळाला. ५ फेब्रुवारी २०२३च्या रात्री घानाच्या ख्रिस्तियन आत्सूने ९७व्या मिनिटाला फ्री किकवर गोल करून हातायला जिंकून दिलं. काही तासांनी, पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी, महाभूकंप झाला. आत्सू ढिगाऱ्याखाली गेला. हाताय आणि गाझियानतेप या दोन्ही संघांनी मोसम अर्ध्यावर सोडला, पण त्यांची जागा राखून ठेवली गेली. त्याच महिन्यात बेशिक्ताशच्या सामन्यात घड्याळात ४ मिनिटं १७ सेकंद झाली आणि खेळ थांबला. प्रेक्षकांनी भूकंपग्रस्त मुलांसाठी आणलेल्या खेळण्यांचा मैदानावर पाऊस पाडला.

२०२३-२४मध्ये हातायस्पोर परतला. स्वतःचं शहर उद्ध्वस्त, म्हणून घरचे सामने मेर्सिनमध्ये. आणि अशा उसन्या मैदानावर या संघाने कुणाला हरवलं असेल? १०२ गुणांच्या गलातासरायला, २-१! मोसमभरात गलातासरायला लीगमध्ये पाणी पाजणारे दोनच संघ, एक फेनेरबाहचे आणि दुसरा हा बेघर हाताय. हाताय लीगमध्ये टिकलाही. मनापासून सांगते, या मोसमातली माझी सगळ्यात लाडकी टीम हीच.

शेवटचा रविवार

२६ मे २०२४. गलातासराय ९९ गुणांवर, फेनेरबाहचे ९६वर. समजा गलातासराय हरला आणि फेनेरबाहचे जिंकलं तर? दोघांचे ९९! आणि तुर्की नियमानुसार समान गुण झाले तर आधी आपसातले सामने बघतात. तिथे फेनेरबाहचे वरचढ! म्हणजे ३८व्या सामन्यापर्यंत धाकधूक.

फेनेरबाहचेने घरी इस्तंबूलस्पोरला ६-०ने चोपलं. पण तिकडे मौलाना रूमींच्या कोन्या शहरात गलातासरायने कोन्यास्पोरला ३-१ने हरवलं आणि २४वं विजेतेपद पटकावलं. प्रशिक्षक ओकान बुरुक यांनी खेळाडू म्हणून २०००मध्ये याच क्लबसोबत युएफा कप जिंकला होता, प्रशिक्षक म्हणून बाशाकशेहिरलाही २०२०मध्ये चॅम्पियन केलं होतं.

तुर्कस्तानात पाच विजेतेपदं मिळाली की जर्सीवर एक तारा. २४ म्हणजे चार तारे, आणि पाचव्यासाठी फक्त एक कमी! पुढच्याच मोसमात तोही लागला. फेनेरबाहचेचं शेवटचं विजेतेपद मात्र २०१४चं.

१९५९पासूनच्या या लीगमध्ये चॅम्पियन झालेले क्लब फक्त सहा. त्यांतला एक बुर्सास्पोर. २०१०मध्ये शेवटच्या दिवशी फेनेरबाहचेच्या स्टेडियमात चुकीची घोषणा झाली, की बुर्साचा सामना बरोबरीत सुटलाय. लोक मैदानात उतरून नाचू लागले! प्रत्यक्षात बुर्सा जिंकलं होतं आणि कप त्यांचाच होता. तेच बुर्सास्पोर २०२४मध्ये कुठे होतं? तिसऱ्या श्रेणीतून घसरून चौथ्या श्रेणीत. फुटबॉलची शिडी दोन्ही दिशांना चालते.

९९ गुण मिळवूनही फेनेरबाहचेचे प्रशिक्षक इस्माइल कार्ताल यांची खुर्ची गेली! २ जून २०२४ला खचाखच भरलेल्या स्टेडियमात नवा बॉस अवतरला, साक्षात जोझे मोरिन्यो.

आणि बात्शुआयी आठवतोय ना, त्राब्झोनचा तो गिरकीवाला? २०२१-२२मध्ये तो बेशिक्ताशकडून खेळला, पुढची दोन वर्षं फेनेरबाहचेकडून. २०२४च्या उन्हाळ्यात त्याने तिसरी जर्सी चढवली. कुणाची? गलातासरायची!